आक्काच्या पायाखालचं पाणी

ह्या पानावरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, निम्म्याहून जास्त वाचून हसतो. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखाली विडी मागणारा म्हातारा... चालू द्या तुमचं! मी चाळीस वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो. लिंबू-मिरची टांगलेली गाडी माझ्या शेडमध्ये आली की मी आधी ती तोडून बाजूला फेकायचो आणि मगच बॉनेट उघडायचो. गाडी बंद पडते ती तेल नाही म्हणून, करंट नाही म्हणून, नाहीतर ड्रायव्हर गाढव आहे म्हणून. चौथं कारण मला उभ्या आयुष्यात सापडलं नाही.

म्हणजे एकदा सापडलं. तेच सांगायला बसलोय. मी सांगतोय आणि माझी भाची मोबाईलवर टाईप करतेय, कारण मला ती बारकी अक्षरं आता दिसत नाहीत. गोष्ट तिच्या आईची आहे. माझ्या थोरल्या बहिणीची.

साल त्र्याहत्तर. दुष्काळाचा उन्हाळा. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आमचं गाव तिसगाव, पाथर्डी तालुका. नगर रस्त्याला स्टँडच्या पुढं माझं पत्र्याचं शेड होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं, आणि स्वतःला फार मोठा कारागीर समजायचो. मुलूख सगळा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. रस्त्यावर दिसायचे ते फक्त पाण्याचे टँकर, आणि बिघडलेला प्रत्येक टँकर माझ्या दारात.

गावात एका ट्रस्टचा लहान दवाखाना होता आणि त्या दवाखान्याची एक अँब्युलन्स होती. ती चालवायचे माझे दाजी, म्हणजे आक्काचे मालक. नामदेव त्यांचं नाव, पण मी कधी नावानं बोललो नाही, दाजीच. अबोल माणूस. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप झालं. त्यांच्या वाटणीचं सगळं आक्का बोलायची. ती त्याच दवाखान्यात आया होती. बाळंतीण किंवा आजारी बाई नगरला न्यायची असली की आक्का बरोबर जायची, पुढं डाव्या सीटवर, दाजींच्या शेजारी. बाईमाणसाला धीर देणं हे तिचं काम, पण मी म्हणायचो, "आक्का, तू पेशंटसाठी जात न्हाईस, दाजींबरोबर फिरायला जातीस." तर ती म्हणायची, "मग? तुज्या दाजीनं मला दुसरीकडं कुटं फिरवलंय?"

आता गाडीबद्दल. मिलिटरीच्या लिलावातली, लढाईच्या काळातली परदेशी गाडी. ट्रस्टकडं येण्याआधी ती म्हणे कुठं कुठं थंड पहाडात फिरून आली होती, आणि त्यामुळं तिला हीटर होता. पाथर्डी तालुक्यात हीटर! वैशाखात घोंगडी पांघरून बसल्यासारखं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातलं उकळतं पाणी दोन रबरी नळ्यांनी गाडीच्या आत आणलेलं असतं. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूला, लहान रेडिएटरसारखी एक जाळी असते. पाणी तिच्यातून फिरून परत इंजिनात जातं आणि जाळीमागचा पंखा गरम हवा आत सोडतो. पंखा केव्हाच जळाला होता, पण पाणी फिरतच होतं, कारण ते बंद करायचा कॉक गंजून जाम झाला होता. आणि त्या मार्चमध्ये ती जाळी गळायला लागली. गळायची कुठं, तर बरोबर डाव्या सीटवर बसलेल्याच्या पायांवर. वर काचेलाही आतून वाफ धरायची.

ह्याच्यावर उपाय काय? दोन्ही नळ्या जाळीपासून काढायच्या आणि एका पाइपच्या तुकड्यानं एकमेकींना जोडून टाकायच्या. हीटर गेला बाहेर. दहा मिनिटांचं काम आहे. हे दहा मिनिटं मी पुन्हा सांगणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

दाजी गाडी घेऊन आले तेव्हा माझ्याकडं दोन टँकर उघडे पडले होते. टँकर आधी, हे तर उघड आहे. दोन गावं घागरी घेऊन बसलेली. मी दाजींना म्हणालो, "आज हळदीवर भागवू. मग बघतो निवांत." गळक्या रेडिएटरला हळद, ही आपल्याकडची युक्ती जुने ड्रायव्हर अजून सांगतील. पाण्यात हळद टाकायची, ती फिरत फिरत भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. काही दिवस तरी. हळद आक्कानंच घरून आणून दिली, चांगल्या दोन ओंजळी. मी ती रेडिएटरमध्ये ओतत होतो आणि ती कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"लग्नात मला लागली नसंल येवडी हळद तुज्या गाडीला लागती व्हय रं?"

"गाडी माजी न्हाई, तुज्या नवऱ्याची हाय."

"नवरा माजा, हळद माजी, आन् कारागीर म्हनून नाव तुजं. झ्याक हाय!"

आठ दिवस थेंब गळला नाही. मी गावभर सांगत सुटलो. नवव्या दिवसापासून पुन्हा ठिबकायला लागलं, आता पिवळं. दाजी आले. मी म्हणालो, उद्या. पुन्हा आले. मी म्हणालो, हा एक टँकर जाऊ दे. तिसऱ्यांदा ते नुसते शेडपुढं गाडी उभी करून थांबले आणि कोणीतरी पेशंट आला म्हणून बोलवायला आल्यावर निघून गेले. आक्कानं तर त्यावरही उपाय काढला होता. चपला काढून सीटवरच मांडी घालून बसायची. "तुज्या भरवशावर ऱ्हायले तर पाय शिजतील माजे," म्हणायची, आणि हसायची.

मे महिन्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. विहिरींच्या तळाचं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार? आक्का दिवसभर पेशंटचं करायची. एका सकाळी तिलाच सुरू झालं. दहाच्या सुमारास मी गेलो तर डोळे आत गेलेले, गाल बसलेले. एका सकाळीत माणूस इतकं उतरतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडर म्हणाला, "इथं सलाईन संपलंय, नगरला न्या. आणि वाटंत पाणी देऊ नका हं, पोटात ठरायचं नाही, उलट्या वाढतील."

पाणी देऊ नका. आता शाळेतलं पोरगंही सांगेल की मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. पण तेव्हा आमच्याकडं सगळे हेच मानायचे. जुलाब-उलटी झालेल्या माणसाला पाणी म्हणजे विष. घरोघरी तहानेलेल्या पेशंटच्या हाताजवळचा तांब्या उचलून ठेवायचे, आणि तोही मायेनं.

भाची तेव्हा चार वर्षांची. तिला शेजारणीकडं ठेवलं. मागं स्ट्रेचरच्या वरचा पत्रा भट्टीसारखा तापलेला, म्हणून आक्काला पुढंच बसवलं, तिच्या नेहमीच्या जागी. मी मागून तिला खांद्याला धरून बसलो. मांडी घालायला म्हणून तिनं पाय उचलायचा प्रयत्न केला. उचलले गेले नाहीत. एवढीशी ताकद राहिली नव्हती. पाय खालीच राहिले.

तिसगावहून नगरला जाताना करंजी सोडली की घाट चढावा लागतो. घाट लागला आणि गाडी तापायला लागली. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर आवाज झाला, फुस्स... आणि डॅशबोर्डखालून पिवळं उकळतं पाणी धो धो आक्काच्या पायांवर आलं. काच वाफेनं पांढरी झाली. दाजींनी गाडी बाजूला घेतली. आक्का ओरडली नाही. "वसंता, पाय भाजतायत रं," एवढंच म्हणाली, माझी तक्रार मलाच सांगावी तशी.

मी उतरून तिचे पाय उचलून सीटवर घेतले, पदरानं पुसले. मग बॉनेट उघडलं. घाईत निघताना हत्यारांची पिशवीसुद्धा घेतली नव्हती, खिशात एक पक्कड होती. नळ्या ओढून काढल्या, एकीचं तोंड दुसरीत कोंबलं आणि बॉनेटला बांधलेल्या तारेनं आवळलं. झालं. घड्याळ नव्हतं, पण सांगतो, दहा मिनिटं लागली. दोन महिने ज्याला उद्या म्हणत होतो ते काम मी रस्त्याच्या कडेला, टळटळीत उन्हात, एका पकडीनं दहा मिनिटांत केलं.

पण पाणी गेलं होतं. गाडीत पाच लिटरचा एक डबा होता, तेवढ्यानं भागणार नव्हतं. दाजी रिकामी कळशी घेऊन करंजीकडं पळाले. आक्का आणि मी, दोघंच राहिलो.

मी डब्याचं झाकण उघडलं. पाण्याचा आवाज तिनं ऐकला असणार. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "वसंता, पानी दे रं. घोटभर."

मी म्हणालो, "आक्का, पानी न्हाई द्यायचं सांगितलंय. थांब थोडं, नगर आलंच."

"घोटभर रं..."

मी बॉनेटकडं गेलो आणि सगळा डबा रेडिएटरमध्ये रिकामा केला. शेवटच्या थेंबापर्यंत. बॉनेट उघडं होतं म्हणून तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो दिसत नाही म्हणून मला बरं वाटलं. दाजी धावत आले. एका घरातल्या बाईनं कळशीभर पाणी दिलं होतं, त्या दिवसांत! तेही मी ओतलं. गाडी सुरू झाली. घाट संपला, वर माळ लागला आणि नगर अजून तासभर लांब असताना आक्काचं डोकं माझ्या हातावर जड झालं.

(भाची इथं उठून आत गेली. मला वाटलं झालं, आता बंद. पण ती पाच मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "सांगा पुढं, मामा.")

त्याच गाडीतून आक्काला घरी आणलं. सवाष्ण गेलेली, म्हणून बायकांनी हळद-कुंकू लावून मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. पाय धुताना एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, हिचे पाय तर आदीच हळदीचे हायेत." चोळून चोळून धुतले तरी पिवळेपणा गेला नाही. मी दारात उभा होतो. तिथून हललो तो थेट शेडमध्ये गेलो आणि संध्याकाळपर्यंत टँकरखाली पडून राहिलो, काम करत नव्हतो, नुसता पडून.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मी पान्याला गेल्तो तवा... मागं काय बोलली का रं ती?"

मी म्हणालो, "तुमचं नाव घेतलं, दाजी."

का म्हणालो? त्यांच्यासाठी म्हणालो असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तसं नव्हतं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. दाजींनी तोंडावर उपरणं धरलं आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा रडले. मग तोंड पुसून म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

दहाव्याला कावळा शिवेना. उन्हात दोन तास माणसं ताटकळली. दाजींनी पोरीला सांभाळीन म्हणून हात जोडले, मी भाचीचं लग्न करून देईन म्हणालो, कुणी काय, कुणी काय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दुष्काळानं कावळेच उरले नाहीत, असं मी सगळ्यांना मोठ्यानं समजावून सांगत होतो. तिची इच्छा काय राहिली असेल हे तिथल्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि तोच सगळ्यात जास्त बोलत होता.

तेराव्यानंतर मी सगळ्यात आधी तो हीटर काढला. नळ्या, जाळी, पेटी, सगळं. इंजिनाकडून आत येणाऱ्या भोकांवर पत्रा ठोकून वर डांबर लावलं. रेडिएटर आणि इंजिन टँकरच्या तळाच्या गढूळ पाण्यानं तीनदा धुतलं, हळदीचा मागमूस राहिला नाही. जाळी शेडमधल्या फळीवर टाकली. गाडी दाजींच्या ताब्यात दिली. एवढं नीट काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं. कुणासाठी करत होतो, कोण जाणे.

आठ-दहा दिवसांनी दाजी आले. म्हणाले, "वसंता, हीटर गळतोय."

मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. मी फळीवरची जाळी त्यांच्या हातात दिली. "हा बगा तुमचा हीटर. हितं पडलाय. गळंल कसा?"

"मला ठाऊक हाय," दाजी म्हणाले. "तू बग तर खरं."

मी डाव्या सीटपुढची चटई उचलली. पत्र्यावर दोन ओले डाग होते. शेजारी शेजारी, टाचेकडं अरुंद, पुढं रुंद. बोट लावून पाहिलं. कोमट. बोट पिवळं झालं.

मी काय काय तपासलं ते सगळं सांगत बसत नाही. ठोकलेला पत्रा कोरडा, डांबर जसंच्या तसं. रेडिएटरच्या नळ्या कोरड्या. रेडिएटरमधलं पाणी स्वच्छ आणि काठोकाठ. खालून रस्त्याचं पाणी उडालं म्हणावं तर रस्त्याला पाणी कुठलं? पाऊस यायला अजून वेळ होता. बॅटरी दुसऱ्या बाजूला. चटईखालचा पत्रा घासून पुसून कोरडा केला, गाडी दिवसभर शेडपुढं इंजिन चालू ठेवून उभी केली. थेंब नाही. दाजी नुसते बघत होते.

"हितं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "घाटात व्हतं. त्या वळणाला. काच बी वाफ धरती, तिच्या बाजूची." आणि मग, मला आठवतं, ते चक्क हसले. "ऱ्हाऊ दे रं. ती येती बसायला. जाताना माजं नाव घेतलं ना तिनं? मग मला सोडून जाईल कुटं?"

माझं खोटं त्यांनी उशाशी घेऊन ठेवलं होतं.

भूतबीत मी मानत नव्हतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. दाजी औषधं आणायला नगरला निघाले होते, गाडीत दुसरं कुणी नाही. डाव्या सीटवर मी बसलो. चपला काढून, पाय पत्र्यावर ठेवून, मुद्दाम. सकाळी पत्रा मीच पुसला होता. करंजीपर्यंत काही नाही. दुपारचे बारा वाजत आले असतील. माळावर चिटपाखरू नव्हतं आणि काचेबाहेर सगळं उन्हानं थरथरत होतं. मी दाजींना म्हणणार होतो, बघा, उगाच मनाचे खेळ.

घाटाचं ते वळण आलं आणि माझ्यासमोरची काच पांढरी झाली. आतून. दाजींच्या समोरची लख्ख, माझ्या समोरची धुरकट, आणि धुरकट व्हायला सुरुवात कुठून झाली, तर बसलेल्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवरून. कुणी काचेजवळ तोंड नेऊन श्वास टाकत असावं तशी ती वाफ वाढत आणि कमी होत होती. मग पायांना पाणी लागलं. ऊन ऊन. आधी टाचांना, मग बोटांत शिरलं. मी खाली पाहिलं. माझे पाय पिवळ्या पाण्यात होते. मी पाय वर घ्यायला गेलो... आणि मला पाय उचलता आले नाहीत. कुणी धरले नव्हते. ताकदच नव्हती. मांडीपासून खाली माझे पाय दुसऱ्या कुणाचे झाले होते.

दाजींनी माझ्याकडं वळून पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक. "बग," म्हणाले. "आली."

मी म्हणालो, "दाजी, गाडी थांबवा."

त्यांनी थांबवली, बरोबर त्याच जागी. मी त्यांच्याकडं न बघता, त्या पांढऱ्या काचेकडं बघत बोललो. सगळं. तिनं पाणी मागितलं. दोनदा मागितलं. घोटभर म्हणाली. डबा माझ्या हातात होता. मी दिलं नाही, रेडिएटरमध्ये ओतलं. आणि हीटर काढायला दहा मिनिटं लागतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दाजी रागावतील, मारतील, त्या घाटात ढकलून देतील, मी सगळ्याला तयार होतो. त्यांनी इंजिन बंद केलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी एकच विचारलं.

"मग माजं नाव न्हवतं घेतलं तिनं?"

"न्हाई, दाजी. पानी मागितलं."

दाजी उतरले. त्यांच्याजवळ नेहमी एक फिरकीचा तांब्या असायचा, ज्याचं झाकण म्हणजेच प्यायचा पेला असतो तसला. ते गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं. मला म्हणाले, "ऊठ तितनं." आणि मी उठलो. पाय उचलले गेले. दाजींनी पेला काठोकाठ भरला, सीटवर ठेवला आणि दार लोटून घेतलं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ज्या आवाजात तिच्याशी बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "घे. पी."

आम्ही दोघं गाडीकडं पाठ करून घाटाच्या कडेला उभे राहिलो. खाली करंजी दिसत होती, तिच्यापुढं उजाड रानं. पाचेक मिनिटं झाली असतील. परत येऊन दार उघडलं तर काच स्वच्छ. खालचा पत्रा कोरडा ठणठणीत, पिवळा डाग नाही, ओल नाही, बोट फिरवलं तर धूळ लागली. पेला सीटवर सरळ उभा होता. आणि रिकामा होता. आतून पुसल्यासारखा कोरडा. सीटवर एक थेंब सांडलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, ऊन होतं, आटलं असेल. मीही तेच म्हणेन, फक्त मला एकानं तरी पाच मिनिटांत पेलाभर पाणी सावलीत आटवून दाखवावं. पाय आखडले असतील, मनाला लागलं होतं म्हणून डोळ्यांना दिसलं असेल, हे सगळं मी स्वतःशी पन्नास वर्षं बोलत आलोय. दाजींना माझ्या आधी दिसलं होतं, आणि त्यांना पाण्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मग? मेकॅनिक माणसाला म्हणायला लाज वाटते, पण हेच ते चौथं कारण. ती जाळी अजून माझ्याकडं आहे, आतली हळद वाळून दगडासारखी झालीय.

पुढं पाऊस झाला. दाजींनी मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. भाचीला दोघांनी मिळून वाढवलं, तिचं लग्न केलं. दर रविवारी ते माझ्याकडं चहाला यायचे, शेवटपर्यंत. पण आक्काचं नाव त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. मला आधी वाटायचं, मी खरं बोललो, आक्काला पाणी मिळालं, सुटली. माझ्यापुरतं ते ठीक होतं. दाजींचं काय झालं हे मला नंतर समजलं.

ती गाडी आणखी चार वर्षं चालली. मी तीन-चार वेळा तिच्यातून नगरला गेलो, दर वेळी मागं बसून. डाव्या सीटवर दाजी कुणाला बसू देत नसत. घाटातलं ते वळण आलं की ते गाडी अगदी हळू करायचे. एक हात स्टिअरिंगवर ठेवून डावीकडं वाकायचे आणि दुसरा हात सीटपुढच्या पत्र्यावर टेकवायचे. मग तळहात वर करून बघायचे. हात कोरडाच असायचा. तो पँटला पुसायचे आणि गियर टाकायचे.